एकाच गोष्टीची काळजी : कर्मवीर भाऊराव पाटील

माणसाच्या चिंतांची नोंद कोणी ठेवू लागला, तर ती एखाद्या जुन्या पेढीच्या खतावणीएवढी मोठी होईल. कोणी मान दिला, कोणी दिला नाही, लग्नात कोणाला पुढे बसवले, घराण्याचे नाव कोणाच्या तोंडी कसे आले, अशा कितीतरी गोष्टींनी झोप उडते आणि वर्ष उलटल्यावर त्यांतील एकही आठवत नाही. ज्यांनी या खतावणीतील एकेक पान कोरे केले आणि अखेरीस एकाच नावाचे खाते चालू ठेवले, अशी माणसे थोडी असतात. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्यांपैकी एक होत. त्यांच्या अविश्रांत कष्टांचे वर्णन आजवर पुष्कळ झाले आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु एवढे कष्ट उपसणारा हा पुरुष मनाने इतका मोकळा कसा राहू शकला, याचा विचार त्या मानाने कमी झाला. हा मोकळेपणा त्यांना जन्मतः मिळालेला नव्हता. तरुणपणीचे भाऊराव मानी, हट्टी आणि शीघ्रकोपी होते. कशाची काळजी करावी आणि कशाची सोडून द्यावी, हे त्यांना फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज या त्यांच्या आजोळी झाला. बाहुबलीच्या यात्रेला जाणाऱ्या प्रत्येक श्रावकाला हे गाव परिचित आहे. पाटील घराणे मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीचे. जैनांच्या या प्राचीन तीर्थाकडून निघालेले हे कुटुंब पुढे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते, आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. आज सातारा आणि सांगली हे दोन निराळे जिल्हे आहेत. त्या काळी वाळवा, तासगाव, खानापूर हे सारे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे भाऊराव सांगलीचे की साताऱ्याचे, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. ऐतवड्याच्या मातीत वाढलेले हे झाड साताऱ्यात विस्तारले एवढे खरे.

वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. अभ्यासापेक्षा पोहणे, कुस्ती आणि रानात भटकणे यांत मुलाचे मन अधिक रमे. शरीर धिप्पाड, आवाज खणखणीत आणि अन्याय दिसला की हात आधी उठायचा. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून त्यांनी एका विहिरीचा राहाट मोडून टाकल्याची हकीगत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. मुलाच्या मनातील कळवळा त्यातून दिसतो, हे कोणीही मान्य करील. परंतु राहाट मोडल्याने कोणाची तहान भागली नाही, हेही तितकेच खरे. कळवळ्याला काम कसे द्यावे, याची समज यायला अजून बराच काळ जायचा होता. वर्गाबाहेर बसून शिकणाऱ्या ज्ञानदेव घोलप या अस्पृश्य विद्यार्थ्याला त्यांनी कोल्हापूरला नेले आणि तेथील मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली, असे चरित्रकार सांगतात. हेच घोलप पुढे ‘मूकनायक’चे संपादक आणि मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. राहाटाच्या प्रसंगाशेजारी ही हकीगत ठेवली, म्हणजे भाऊरावांची वाट कोणत्या दिशेला वळणार होती ते ध्यानात येते.

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. आपल्या समाजात शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून त्या काळच्या धुरीणांनी मोठ्या तळमळीने हे बोर्डिंग चालवले होते. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखा विद्वान आणि पुरोगामी गृहस्थ त्याची व्यवस्था पाहत असे. तेथील शिस्त कडक होती, सोवळ्या-ओवळ्याचे नियम होते, आणि भाऊरावांचा स्वभाव असल्या नियमांत मावणारा नव्हता. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करून मगच आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते साफ नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

समाजाच्या स्मरणिकेत हा प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्यांनी बाहेर काढले ते दुष्ट नव्हते. त्या काळच्या रूढीप्रमाणे चालणारे, संस्थेच्या नावाची काळजी वाहणारे सद्गृहस्थ होते. तरीही एका तांब्याभर पाण्यासाठी समाजाने आपल्या वसतिगृहातून जो विद्यार्थी गमावला, त्याने पुढे स्वतःच वसतिगृहे काढली, तीही अठरापगड जातींसाठी. संस्थेच्या चालकांनी नेमकी कशाची काळजी करावी, हा प्रश्न त्या एका स्नानात होता. तो आजच्या विश्वस्तांनाही अधूनमधून पडल्यास वावगे होणार नाही.

बोर्डिंग सुटल्यावर राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. महाराजांच्या सहवासात सर्व जातींच्या मुलांची वसतिगृहे हीच समाजाच्या उद्धाराची वाट आहे, हे त्यांच्या मनात पक्के रुजले. शालेय परीक्षेत मात्र यश आले नाही. मॅट्रिकची पायरी त्यांना कधीच ओलांडता आली नाही आणि ते घरी परतले. याच सुमारास कुंभोजच्या एका संपन्न घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. लक्ष्मीबाई भरपूर दागिने लेऊन सासरी आल्या. त्या दागिन्यांची हकीगत पुढे येईल.

मॅट्रिक न झालेला, धड नोकरी नसलेला थोरला मुलगा हा घरादाराला काळजीचा विषय होता. तिकडे भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या धरल्या आणि पाटील मास्तर म्हणून त्यांचे नावही झाले. दूधगावच्या मंडळींच्या साहाय्याने १९१० च्या सुमारास त्यांनी तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला. वारणाकाठच्या या गावातील तो आश्रम हाच त्यांच्या पुढच्या साऱ्या कार्याचा पहिला कोंब होय.

आणि मग १९१४ साल उजाडले. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळवण्यात आली. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष देणारा माणूस हवा होता, आणि ज्याला लठ्ठ्यांनी बोर्डिंगमधून काढले होते त्याच्याएवढा सोयीचा साक्षीदार दुसरा कोणता मिळणार? जुन्या अपमानाची भरपाई करून घेण्याची संधीच भाऊरावांच्या दारात चालून आली होती. फक्त एक खोटे वाक्य उच्चारायचे होते. त्याऐवजी त्यांना मिळाले असते संरक्षण, कदाचित मानाची जागा, आणि मनात सलणाऱ्या त्या प्रसंगाचा पुरेपूर सूड.

भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, कोठडीत अतोनात छळ झाला. मारहाण सहन होईना, तेव्हा आपल्या तोंडून असत्य वदवून घेतले जाईल या भीतीने त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. दैवाने ते वाचले आणि यथावकाश सुटले. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. एका वसतिगृहातून घालवलेल्या विद्यार्थ्याच्या सत्यनिष्ठेने त्यांना त्या वेळी तारले, ही गोष्ट दोघांच्याही चरित्रांत नीट वाचावी अशी आहे.

आपल्या शास्त्रांत परिग्रहाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन भेद सांगितले आहेत. घर, जमीन, सोने, धान्य हा बाह्य परिग्रह. क्रोध, मान, माया, लोभ इत्यादी आभ्यंतर. बाह्य परिग्रहाचे परिमाण ठरवणे गृहस्थाला जमते. मनातला अपमान सोडणे फार अवघड. व्यवहारात नेहमी दिसते की लाखाचे दान सहज करणारा मनुष्य वीस वर्षांपूर्वीचा एक शब्द मात्र उराशी धरून असतो. भाऊरावांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो शब्द सोडला, तोही पोलिसांच्या काठीखाली. आत्महत्येच्या प्रयत्नाचे समर्थन कोणी करणार नाही, आणि पुढच्या आयुष्यात जगण्यावर एवढी श्रद्धा ठेवणाऱ्या भाऊरावांनीही ते केले नसते. परंतु अपमानापेक्षा सत्य मोठे, हा हिशेब त्या कोठडीत एकदा झाला आणि पुन्हा कधी बदलला नाही.

यानंतर काही वर्षे त्यांनी व्यापारी पेढ्यांसाठी फिरतीची नोकरी केली. कुंडलजवळ किर्लोस्करवाडीच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उभारलेल्या कारखान्याचे लोखंडी नांगर ते गावोगाव विकत. ओगले काच कारखान्यासाठीही त्यांनी काम केले. लोखंडाने जमीन नासते, पिकाला विष लागते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. आरंभीचे नांगर खपवण्यास किर्लोस्करांना बराच काळ लागला होता. असा माल खपवायचा तर आधी शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याचे सुखदुःख ऐकावे लागे. भाऊरावांचा या कामात हातखंडा होता. त्या फिरतीत त्यांनी नांगर किती विकले याचा आकडा आज कोणाला महत्त्वाचा वाटणार नाही. खरेदीखतावर अंगठा उठवणारा, सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते न कळणारा शेतकरी त्यांनी या काळात फार जवळून पाहिला. माल विकायला गेलेला मनुष्य गिऱ्हाइकाची खरी गरज ओळखून परतला, असेच म्हणावे लागेल.

पुढे साताऱ्याच्या परिसरात धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा करण्यात त्यांनी मोठा वाटा उचलला. कारखान्याच्या उत्पन्नातून शिक्षणकार्यास साहाय्य मिळावे, ही त्यांची अपेक्षा होती. त्यावरून मतभेद झाले आणि संबंध तुटले. भाऊरावांचा संताप त्या वेळी कोणत्या थराला गेला होता, याच्या कथा साताऱ्यात पुष्कळ वर्षे सांगितल्या जात. तेव्हा अपमान सोडण्याची विद्या १९१४ मध्ये एकदा शिकले आणि संपले, असे झाले नाही. क्रोध परत आला, तो पुन्हा आवरावा लागला. परंतु त्या संतापात त्यांनी आयुष्य घालवले नाही. दुसरी पगाराची जागा शोधण्याऐवजी त्यांनी स्वतःला पूर्णपणे शिक्षणाला वाहून घेतले. पस्तिशीच्या आसपासचा, बायकोमुले असलेला गृहस्थ नियमित उत्पन्न कायमचे सोडतो, तेव्हा सभोवतालचे लोक काय म्हणत असतील याची कल्पना सहज करता येते.

रयत शिक्षण संस्थेचा जन्म तत्पूर्वीच झाला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक विचारांच्या मंडळींच्या साक्षीने भाऊरावांनी ही संस्था स्थापन केली. काले येथे वसतिगृह सुरू झाले, वाळवा तालुक्यातील नेर्ले येथेही झाले. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जाती-धर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन, लिंगायत अशी सारी मुले एका पंक्तीला बसू लागली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, भांडी त्यांनीच घासायची, पाणी त्यांनीच भरायचे. ज्यांच्या हातचे पाणी गावात चालत नव्हते, त्यांच्या हातची भाकरी येथे सर्वांच्या ताटात पडे. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले इतक्या सहजपणे एकत्र नांदताना पाहून गांधीजींना विशेष आनंद झाला. पुढे हरिजन सेवक संघाकडून या वसतिगृहास वार्षिक ५०० रुपयांचे साहाय्य मिळू लागले.

भाऊरावांचे नाव निघाले की लक्ष्मीबाईंचा उल्लेख होतो, पण तो बहुधा दोन ओळींत आटोपतो. तो तसा आटोपणे न्यायाचे नाही. भाऊराव गावोगाव हिंडत. देणगी मागत, धान्य गोळा करत, होतकरू मुले शोधून आणत. मागे वसतिगृहात उद्याच्या पिठाचे काय, हा प्रश्न ज्यांच्यापुढे रोज उभा राही त्या लक्ष्मीबाई होत्या. त्या कर्मठ जैन घरातून आलेल्या. सोवळे पाळणाऱ्या, व्रतवैकल्ये करणाऱ्या. पतीने अस्पृश्यांची मुले घरात आणली, तेव्हा त्यांचे मन आरंभी कचरले, यात नवल नाही. पण आईवेगळे, आजारी, खरुज झालेले मूल समोर उभे राहिले की शास्त्रार्थ करायला वेळ कोणाला असतो? हळूहळू त्या त्या साऱ्या मुलांच्या आई झाल्या. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांना वहिनी म्हणत.

माहेरचे सोने एकेक करून वसतिगृहाच्या खर्चात गेले. पाटल्या गेल्या, गळ्यातले गेले. अखेर एकदा भाऊराव गावाला गेलेले असताना कोठीत धान्याचा दाणा उरला नाही. मुले उपाशी झोपणार अशी वेळ आली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्यातून धान्य आणवले. त्या काळातील सौभाग्यवती स्त्रीच्या दृष्टीने यापेक्षा मोठा त्याग कल्पनेतही नव्हता. लोक काय म्हणतील, ही चिंता पुरुषाने सोडणे एक, आणि साताऱ्यासारख्या जुन्या शहरात मोकळ्या गळ्याने पाण्याला जाणाऱ्या स्त्रीने सोडणे निराळे. लक्ष्मीबाई १९३० मध्ये निवर्तल्या. पुढे साताऱ्यात उभी राहिलेली मोठी विद्यालये, महाविद्यालय यांतील काहीही त्यांच्या दृष्टीस पडले नाही.

भाऊरावांचा निश्चिंतपणा बऱ्याच अंशी या एका स्त्रीने वाहिलेल्या चिंतेवर उभा होता, असे म्हटल्याने त्यांची थोरवी कमी होत नाही. ज्या घरात एक मनुष्य मोठ्या ध्येयासाठी घरची काळजी सोडतो, त्या घरात ती काळजी कोणीतरी दुसऱ्याने उचललेली असते. संसारी माणसाने निश्चिंत व्हायचे ठरवले, तर आपली चिंता नेमकी कोणाच्या पदरात जाऊन पडते आहे, हे आधी पाहावे. लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी मात्र असे झाले की पतीने टाकलेली काळजी वाहता वाहता पतीने धरलेली काळजीही त्यांची स्वतःची झाली. मंगळसूत्र काढून देताना त्यांनी कोणाची अनुज्ञा विचारली नव्हती.

पत्नीच्या मृत्यूनंतर भाऊरावांना घर असे उरले नाही. संस्था हेच घर झाले. कापडाच्या पेठेत वावरणाऱ्यांना ठाऊक असते की माणसाच्या अंगावरील वस्त्र त्याच्या मनातील बरेच काही सांगते. फिरत्या विक्रेत्याला नीटनेटके, भारी कापड अंगावर घालावेच लागते, त्याशिवाय दारात कोणी उभे करत नाही. गांधीजींच्या प्रभावाने १९२१ पासून भाऊरावांनी खादी धरली. अंगात जाडाभरडा सदरा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी हा त्यांचा वेश कायमचा झाला. मंत्र्यांच्या बंगल्यात तोच, धनगराच्या वाड्यावर तोच, राजेरजवाड्यांच्या दरबारात तोच. आज कोठे जायचे आहे आणि काय घालावे, हा विचारच आयुष्यातून गेला. घोंगडी ही दिवसा शाल, रात्री अंथरूण आणि पावसात छत्री होत असे. एका वस्त्रात तीन कामे भागत असतील तर चौथ्याची आठवण कशाला व्हावी?

अशाच रीतीने आणखी एका मोठ्या चिंतेतून ते मोकळे झाले, ती म्हणजे नावाची. संस्थेला त्यांनी रयतेचे नाव दिले आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह केले. शाळांना आणि महाविद्यालयांना शाहू महाराज, महात्मा फुले, सयाजीराव गायकवाड, शिवछत्रपती, गाडगे महाराज, मौलाना आझाद अशी नावे लाभली. पुण्यात १९३२ मध्ये, पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर, स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांचे एकत्र वसतिगृह काढले त्याचे नाव युनियन बोर्डिंग. १९३५ मध्ये ग्रामीण शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. महाविद्यालयाचे नाव बदलून आपले नाव देण्याच्या अटीवर मोठी रक्कम देऊ करणाऱ्या एका दात्याला त्यांनी परत पाठवल्याची हकीगत संस्थेच्या परिवारात नेहमी सांगितली जाते. जन्मदात्याचे नाव एक वेळ बदलीन, पण महाराजांचे बदलणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. पैशाची निकड नव्हती म्हणून ते असे बोलले, असे कोणी समजू नये. संस्थेला पैसा सदैव अपुरा पडे. पण कोणता पैसा अपुरा पडला तरी चालतो, याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता.

शिवाजी कॉलेजात कमवा आणि शिका ही योजना राबवली गेली. विद्यार्थ्यांनी खडी फोडली, शेती केली, विहिरी खणल्या, इमारतींचे दगड वाहिले आणि त्या श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवला. मुलाला फुकट देण्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्यावे, म्हणजे त्याची मान ताठ राहते, हे भाऊरावांचे सूत्र होते. कष्ट करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उपकाराचे ओझे वाहावे लागत नाही, आणि देणाऱ्यालाही त्याच्याकडून कृतज्ञतेची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही बाजूंची एक मोठी चिंता या योजनेने मिटवली. त्यांचे विद्यार्थी पांडुरंग गणपती पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा मुंबई-पुण्यातील वकिली किंवा मोठ्या हुद्द्याची वाट त्यांना मोकळी होती. ते संस्थेत परतले, सपत्नीक राबले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इस्माईलसाहेब मुल्ला यांच्यासारख्या नामांकित वकिलानेही आपले आयुष्य या कार्याशी जोडले. ज्याच्याजवळ वेतन म्हणून देण्यासारखे काही नव्हते, त्याच्याभोवती अशी माणसे टिकली.

गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प सोडला. पण त्याच सुमारास सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार, हजारो मुलांचे जेवण, चालू बांधकामे असा सारा पसारा एका हुकुमाने अधांतरी झाला. अशा वेळी साठी उलटलेल्या माणसाने हातपाय गाळले असते तर कोणी दोष दिला नसता. सत्ताधाऱ्यांच्या दारी जाऊन शब्द मागे घेण्याचा सोपा मार्गही होता. भाऊराव खेड्यापाड्यांत गेले. लोकांनी धान्य दिले, रोख दिली, बायकांनी घरटी मूठ मूठ काढून ठेवली; शिक्षक अपुऱ्या पगारावर राबले. संत गाडगे महाराजांसारख्या लोकसेवकानेही संस्थेची बाजू उचलून धरली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. जो राहाट मोडून मोकळा होत असे, तो आता रागाच्या भरात काही मोडत नव्हता. घागर घेऊन दुसऱ्या विहिरीकडे चालू लागत होता. स्वभावातील तिखटपणा मात्र पूर्णपणे गेला नाही. हिशेबात हयगय करणारा किंवा मुलांच्या जेवणात काटकसर करणारा सेवक त्यांच्यासमोर उभा राहू शकत नसे. तो राग स्वतःसाठी नसे, एवढाच काय तो फरक.

१९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले, त्यानंतर साताऱ्यात आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय निघाले. शरीर थकत चालले होते, तरी दौरे थांबले नाहीत. १९५९ च्या प्रजासत्ताक दिनी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पदवी जाहीर केली. लोकांनी त्यापूर्वीच दिलेली कर्मवीर ही पदवी सर्वतोमुखी झालेली होती. ५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. मॅट्रिकची परीक्षा जो उत्तीर्ण होऊ शकला नाही, ज्याच्या शिक्षणाची चिंता ऐतवड्याच्या घरात वर्षानुवर्षे केली गेली, त्याच्या नावापुढे विद्यापीठाची सर्वोच्च पदवी लागली. ती मिरवायला त्यांच्याजवळ पाच आठवडेही नव्हते.

९ मे १९५९ रोजी पुणे येथे भाऊरावांचे देहावसान झाले. त्या दिवशी रयत शिक्षण संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक विद्यालये, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ महाविद्यालये होती. १०१ शाळांचा संकल्प पुरा होऊन वर काही शाळा शिल्लक होत्या. साताऱ्यात संस्थेच्या आवारात त्यांची समाधी आहे. जून महिन्यात शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की जावळी, पाटण, खटाव, वाळवा, शिराळा अशा तालुक्यांतून आलेली मुले हातात कागदपत्रांची पिशवी घेऊन त्या परिसरात उभी असतात. बरोबर आलेले वडील बहुधा थोडे दूर, झाडाच्या सावलीत बसलेले असतात.